डोळे पाण्याच्या पातळीवर

इंजिनाची बोट तळ्याच्या मध्यावर फिरते, कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद नाव मात्र थेट काठाला जाते. वीतभर पाण्यातही ती तरंगते, त्यामुळे पाणवनस्पतींच्या दाटीत, जिथे तळ्यातल्या जीवसृष्टीची खरी गर्दी असते, तिथे ती अलगद शिरते. तरी तिचा मोठा फायदा मला वेगळाच वाटतो. कनूत बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम दोन हात वर असतात. हवा आणि पाणी यांची सीमा इतक्या जवळून क्वचितच दिसते, आणि तळ्यातल्या कितीतरी जिवांचं सगळं जगणं या सीमेशीच बांधलेलं असतं.

सीमेपलीकडे डोकवायला आधी चकाकी हटवावी लागते. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः आडवीच असतात, आणि पोलराइज्ड गॉगल नेमका तोच अडवतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि तळ दिसू लागतो. चतुर (ड्रॅगनफ्लाय) हे कीटक तर याच ध्रुवीकृत प्रकाशावरून पाणी ओळखतात. त्यामुळे कधीकधी त्यांच्या माद्या चकचकीत मोटारीच्या टपावरही अंडी घालायला जातात.

आता वॉटर लिलीचं तरंगतं पान बघा. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे हवेची देवाणघेवाण करणारी बारीक छिद्रं, पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात, हिची वरच्या बाजूला, कारण हवा तिथेच आहे. अडचण खाली आहे. तिचं खोड आणि मुळं ज्या चिखलात रुतलेली असतात, तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. मग मुळं श्वास कशी घेतात? पिवळ्या वॉटर लिलीबाबत संशोधक जॉन डेसी यांनी १९८० मध्ये याचं उत्तर दिलं. उन्हाने कोवळी पानं तापली की त्यांच्या आतल्या हवेचा दाब किंचित वाढतो. या पानांची छिद्रं इतकी बारीक असतात की दाब तिथून सहज निसटत नाही. मग हवा देठातून खाली खोडापर्यंत ढकलली जाते आणि तिथला वायू जुन्या पानांच्या देठांतून वर येऊन बाहेर पडतो. म्हणजे शांत पडून राहिलेल्या त्या वेलीत दिवसभर वारा वाहत असतो, तोही केवळ उन्हाच्या जोरावर! तुटून तरंगणारा एखादा देठ हाती लागला तर त्याचं तुटलेलं टोक निरखून पाहा. हवेच्या नळ्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

लव्हाळ्यांच्या दांड्यांवर कोरड्या, तपकिरी कात चिकटलेल्या असतात, त्या चतुरांच्या. चतुराची अळी पाण्यात वाढते, गुदद्वारातून पाणी आत घेऊन आतल्या कल्ल्यांनी श्वास घेते आणि तेच पाणी जोरात बाहेर फेकून पुढे झेपावते. पूर्ण वाढ झाली की ती दांडीवर चढते आणि तिची पाठ उकलते. कातेच्या फटीतून पांढरे धागे लोंबताना दिसतील. ते तिच्या श्वसननलिकांचं अस्तर असतं, कातेबरोबर तेही बाहेर आलेलं.

मासे मात्र आपल्याला खालून पाहत असतात. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यावरचं सगळं जग त्यांना सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं, बाकी पृष्ठभाग त्यांच्यासाठी आरसाच. बसलेला माणूस या खिडकीच्या कडेला चेपलेला, अंधूक दिसतो. उभा राहिला की तो खिडकीत ठळक येतो आणि मासे पसार होतात.

पक्ष्यांच्या दिशेने नाव कधीच सरळ नेऊ नये, तिरकी न्यावी. बगळ्याने मान ताठ केली की वल्हं थांबवावं. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. तिचं घरटं म्हणजे तरंगत्या ओल्या पाणवनस्पतींचा ढीग, त्यामुळे ते सहज ओळखू येत नाही. घरटं सोडताना ती अंडी पानांनी झाकते. अचानक दचकली तर झाकायला वेळ मिळत नाही आणि अंडी कावळ्यांसमोर उघडी पडतात.