स्मृतिभ्रंशाची मुळे चाळिशीत कशी सापडली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या डॉक्टरांना म्हातारपणीच्या विसरभोळेपणाचे नवल वाटत नसे. वय झाले, मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, बुद्धी मंदावली, एवढेच स्पष्टीकरण त्यांना पुरे वाटे. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली ऑगस्टे डेटर या स्पष्टीकरणात बसली नाही, कारण तिचे वय होते अवघे ५१. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते, असे दोन बदल त्यांना दिसले. आज यांनाच प्लाक आणि टँगल म्हणतात. मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याची नोंदही त्यांच्या १९०७ च्या टिपणात आहे. ही नोंद पुढे जवळजवळ विसरली गेली, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

१९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले आणि एक विचित्र विभागणी रूढ झाली. साठीच्या आत बुद्धी गेली तर तो अल्झायमर, दुर्मीळ आजार. सत्तरीनंतर गेली तर ते म्हातारपण. ही समजूत मोडायला अर्धे शतक लागले. १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून प्लाक अक्षरशः मोजले. हयातीत स्मृतिभ्रंश जितका तीव्र, तितके प्लाक साधारणपणे जास्त, असे त्यांना आढळले. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले की तरुणपणीचा आणि म्हातारपणीचा हा आजार एकच आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंश हा वयाचा भोग न राहता रोग ठरला आणि संशोधनाला पैसा मिळू लागला.

पुढची वीस वर्षे प्लाकची होती. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी त्यातले प्रथिन, अमायलॉइड बीटा, ओळखले. १९९१ मध्ये ज्या प्रथिनापासून ते तयार होते त्याच्या जनुकातला दोष आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबात सापडला. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाने एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार पुढे आणला. मेंदूतल्या कोलेस्टेरॉलची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचे हे जनुक. आईवडिलांपैकी एकाकडून हा प्रकार आला तर धोका सुमारे तिप्पट होतो, दोघांकडूनही आला तर त्याहून बराच जास्त. पण असे जनुक असूनही नव्वदीत शाबूत स्मरणशक्ती असलेली माणसे आहेत, आणि ते नसूनही आजार होणारी पुष्कळ आहेत. म्हणून केवळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

प्लाकच्या या गणितातली फट आधीच दिसू लागली होती. १९८८ मध्ये कॅट्झमन यांनाच काही वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरचे भरपूर बदल सापडले, पण ती माणसे हयातीत व्यवस्थित होती. त्यांचे मेंदू वजनाने जड होते. नुकसान सोसूनही काम चालवण्याच्या मेंदूच्या राखीव क्षमतेची कल्पना इथून रुजली. दुसरा धक्का अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींच्या अभ्यासाने दिला. डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा पाठपुरावा केला. राहणी, जेवण, निवारा सगळ्यांचे जवळपास सारखे, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. १९९७ च्या त्यांच्या लेखात अल्झायमरचे निकष पूर्ण करणारे ६१ मेंदू होते. त्यांपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात लहानसहान रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. नव्वद वर्षांपूर्वीच्या टिपणातल्या त्या कडक रक्तवाहिन्या अशा परत चर्चेत आल्या. बहुतेक वृद्धांमध्ये दोन्ही बिघाड एकत्र असतात आणि एकमेकांचे नुकसान वाढवतात, हे आता मान्य झाले आहे.

मग रक्तदाब आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध इतकी वर्षे नीट का दिसला नाही? कारण मोजणी चुकीच्या वयात होत होती. आजार उघड होण्याआधीच्या काही वर्षांत रक्तदाब आणि वजन आपोआप उतरू लागतात. त्यामुळे पंचाहत्तरीत मोजले तर उलट कमी रक्तदाबाचीच माणसे आजारी दिसतात. अमेरिकेतल्या होनोलुलू आणि फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घ अभ्यासांत चाळिशी-पन्नाशीतले आकडे जपलेले होते. ते वापरल्यावर चित्र स्पष्ट झाले: मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब म्हातारपणी महागात पडतो. अमायलॉइडही लक्षणांच्या १५ ते २० वर्षे आधीपासून साचत असते. दोन्ही धागे एकाच वयोगटाकडे बोट दाखवतात.

नुसत्या निरीक्षणावर विसंबण्याची किंमतही या क्षेत्राने मोजली आहे. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अल्झायमर कमी दिसे. प्रत्यक्ष चाचणीत, २००३ मध्ये, ६५ वर्षांपुढे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश दुपटीने निघाला. गिंकोच्या गोळ्या तीन हजारांहून अधिक वृद्धांना देऊन पाहिल्या, २००८ मध्ये उपयोग शून्य निघाला. याउलट २०१५ मध्ये फिनलंडच्या चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सगळे एकत्र दिले. त्यांची एकूण बौद्धिक कामगिरी इतरांपेक्षा जास्त सुधारली. २०१९ च्या स्प्रिंट चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यावर सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी झाली. स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. हृदयाला झालेला फायदा पाहून उपचार लवकर थांबवावे लागले आणि तोवर स्मृतिभ्रंशाचे पुरेसे रुग्ण जमलेच नाहीत.

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये ९, २०२० मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगी कारणे मांडली. शेवटच्या यादीत वाईट कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेले दृष्टिदोष आले. ही सर्व कारणे दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा तो अंदाज आहे. हा हिशेब अख्ख्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाच्या नशिबाचा नव्हे. ही गल्लत फार होते.

भारताचे चित्र थोडे वेगळे आहे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचे फोटो ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, आणि मधुमेह हे त्या चौदांपैकी एक कारण. शिवाय शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी उतरते. २०१० च्या ऑक्सफर्डच्या चाचणीत बी जीवनसत्त्वांनी मेंदूचे आकसणे मंदावले, पण मुख्यतः ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन (बी जीवनसत्त्वे कमी पडली की वाढणारे द्रव्य) वाढलेले होते त्यांच्यातच. म्हणून आधी रक्ताची तपासणी, मग गोळी. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, अगदी शाळेत न गेलेल्यांमध्येही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत जास्त आहे. फ्रेमिंगहॅममध्ये तीन दशकांत नव्या रुग्णांचे प्रमाण घटले, पण शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच. आपल्या आजीच्या पिढीला ती संधी मिळाली नाही, आणि आता ती भरून देताही येणार नाही. पण तिचा रक्तदाब आणि साखर नियमित मोजता येते, बी-१२ तपासता येते, कानांची चाचणी करून लागेल तर यंत्र देता येते. २०२३ च्या एका अमेरिकी चाचणीत जास्त धोका असलेल्या वृद्धांच्या गटात श्रवणयंत्रामुळे तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. बाकीच्या तुलनेने निरोगी गटात फरक दिसला नाही.