इलेक्ट्रिक गिटारची निवड : बॉडीचं लाकूड आणि पिकअप

सॉलिड (भरीव) बॉडी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडातून येतो की पिकअपमधून हा वाद जुनाच आहे, आणि घेताना आधी काय बघायचं हेही त्यावरच ठरतं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेढ्यांत वीज तयार होते आणि ती अँपला (अँप्लिफायरला) जाते. नायलॉनच्या तारा लावल्या तर लाकूड कितीही भारी असो, पिकअप गप्पच.

फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर गिटारांवरचे सिंगल कॉइल पिकअप मोकळे, धारदार वाजतात, पण लाइनची घरघरही पकडतात (आपल्याकडे 50 हर्ट्झची). हमबकर पिकअपमधे दोन कॉइल उलट्या जोडलेल्या आणि चुंबकाची टोकंही उलटी, त्यामुळे घरघर एकमेकीला मारते आणि तारेचा सिग्नल मात्र जमा होतो, आवाज जाड होतो, वरचा चुरचुरीतपणा थोडा जातो.

हमबकर आधी कोणाचा यावर एकमत नाही. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मधे पेटंटचा अर्ज केला, गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर तो 1957 पासून दिसतो. ग्रेच कंपनीसाठी फिल्टरट्रॉन हा हमबकर करणाऱ्या रे बट्सचा अर्ज 1957 चा, पण त्याचं पेटंट जून 1959 मधे, म्हणजे लव्हरच्या महिनाभर आधी मंजूर झालं. बट्सचा नमुना 1954 च्या सुमारासचा असावा असंही सांगतात. दोन कॉइलनी घरघर मारायची कल्पना दोघांच्याही आधीची आहे, त्यामुळे दोघांनी आपापलं काम स्वतंत्रपणे केलं हेच जास्त पटतं. गिब्सनच्या सुरुवातीच्या पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असं स्टिकर असायचं, ते साधारण 1962 पर्यंत, आणि नंतरच्या स्टिकरवर जो नंबर आला, 2737842, तो पिकअपचा नाहीच, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा आहे! नक्कल करणाऱ्यांना चकवायला मुद्दाम छापला असं काहीजण म्हणतात, काहींच्या मते नुसती चूक.

लाकडाबद्दल पुरावा कमी आणि ठाम मतं जास्त. लेस पॉलला महोगनीवर मेपलचा थर, फेंडरला आधी ॲश आणि 1956 च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी अल्डर. महोगनी उबदार आणि ॲश चमकदार हे वर्णन सगळीकडे सापडतं, पण त्या गिटारांचे पिकअप, स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि ब्रिजही (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) वेगळेच असतात, मग फरक लाकडाचाच हे सांगणार कसं? मान आणि बॉडी तारेच्या कंपनातली ऊर्जा थोडीफार शोषतात, त्यामुळे परिणाम शून्य म्हणता येत नाही, पिकअपपुढे तो लहान वाटतो एवढंच. वजनाचा फरक मात्र खरा आहे, दोन तास उभं राहून वाजवलं की खांद्याला कळतो. शिवाय पिकअप नंतर बदलता येतो, बॉडी नाही, म्हणून आधी वजन आणि मान हातात घेऊन बघावी.

फिंगरबोर्डला आपली शिसवही लागते. 2017 मधे साइट्सचे (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) शिसवीबाबतचे नियम कडक झाले तेव्हा गिटार कंपन्यांची अडचण झाली, 2019 मधे तयार वाद्यांना सूट मिळाली.