हात स्टेअरिंगवर, लक्ष केळीच्या भावात

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडून केळीची गाडी निघाली की ड्रायव्हरचा फोन वाजायला लागतो. मालक, ट्रान्सपोर्टवाला, उत्तरेतला व्यापारी, सगळ्यांचा प्रश्न एकच : गाडी कुठं पोचली? कापलेली केळी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे घाई खरीच असते. पण ड्रायव्हरला ब्लूटूथ घेऊन दिलं की काळजी मिटली, ही समजूत चुकीची आहे.

आधी साधं गणित. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सावध माणसालाही दीडेक सेकंद लागतो, म्हणजे 25 मीटर गेले. रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीक असले, तरी भरलेला ट्रक थांबायला आणखी 28 मीटर धरा. एकूण 53. आता तेवढ्याच अंतरावर कापसाने भरलेली ट्रॉली उभी आहे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. लक्ष रस्त्यावर असेल, तर ट्रक तिला टेकता टेकता थांबेल. एकच सेकंद उशीर झाला तर? हलकासा धक्का बसेल असं वाटतं. प्रत्यक्षात धडक ताशी 46 किलोमीटरने बसते. ब्रेक दाबल्यावर सुरुवातीच्या मीटरांत वेग फारसा उतरत नाही, खरी उतरण शेवटच्या टप्प्यात होते. आणि नेमका तोच टप्पा फोनने खाल्लेला असतो.

हा एक सेकंद जातो कुठे? मेसेज टाइप करताना तो डोळ्यांनी जातो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे लावून केलेल्या 2009 च्या अभ्यासात, मेसेज करणाऱ्या ट्रकचालकांचा अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका 23 पट निघाला. अशा प्रसंगाच्या आसपासच्या सहा सेकंदांतले सुमारे साडेचार सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी 80 ला एवढ्या वेळात गाडी 100 मीटर पुढे गेलेली असते.

बोलताना मात्र डोळे रस्त्यावरच असतात, आणि तरीही दिसत नाही. युटा विद्यापीठातल्या प्रयोगांत चालक ज्या पाटीकडे प्रत्यक्ष पाहत होते, तीच नंतर त्यांना ओळखता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठात 2008 साली मेंदूचं स्कॅनिंग करत आभासी गाडी चालवायला लावली. चालक नुसती वाक्यं ऐकत होते, हातात फोनही नव्हता, तरी जागेचं-अंतराचं भान ठेवणाऱ्या भागातली हालचाल 37 टक्क्यांनी घटली. शेजारी बसलेल्या क्लीनरशी गप्पा मारणं वेगळं. पुढे ट्रॅक्टर आडवा आला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या व्यापाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही. तो क्विंटलचा भाव विचारतच राहतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. व्हर्जिनिया टेकच्याच अभ्यासात हॅन्ड्सफ्रीवर बोलणाऱ्या ट्रकचालकांचा धोका वाढलेला आढळला नाही. लांबच्या कंटाळवाण्या रस्त्यावर बोलणं पेंग उडवत असावं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पण घरच्यांशी दोन शब्द बोलणं निराळं आणि 'माल उतरवायला उशीर झाला, पैसे कापतो' हे ऐकणं निराळं. पेंगणाऱ्याला तर फोन नको, झोप हवी.

म्हणून उपाय ड्रायव्हरच्या कानापेक्षा मालकाच्या फोनवर करावा. गाडी कुठे आहे हे कळायला फोन लागतच नाही. जीपीएस असेल तर ते बघा. नसेल तर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज नोंदवलेल्या नंबरवर येतोच, त्यात टोलनाक्याचं नाव असतं. नशिराबादचा मेसेज आला की गाडी जळगावजवळ आहे हे समजलं. बोलायचंच असेल तर दर दोन-अडीच तासांच्या थांब्यावर ड्रायव्हरनेच करावा फोन, असं निघतानाच ठरवा. चुकून लागलाच, तर पहिलं वाक्य 'गाडी चालू आहे का?' आणि उत्तर 'हो' आलं की लगेच फोन ठेवा.

ड्रायव्हरने निघण्याआधी मॅपवर रस्ता लावून घ्यावा. फोन काचेच्या मधोमध नको, डॅशबोर्डवर खालच्या बाजूला स्टँडमध्ये असावा. काही फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड चालू केला की फोन करणाऱ्याला आपोआप मेसेज जातो. सोबत क्लीनर असेल तर फोन त्याच्याकडे. दुचाकीवर वसुलीला किंवा डिलिव्हरीला फिरणारी पोरं हेल्मेटमध्ये फोन खुपसतात. तो घसरला की हात आपसूक वर जातो आणि हँडल एका हातात उरतं.

2019 च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात फोन धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात मोडतं : पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासून फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरायला मुभा आहे.

फोनसाठी थांबायचं ते पेट्रोलपंपावर किंवा ढाब्याच्या आवारात. कन्नड घाटाच्या वळणावर किंवा महामार्गाच्या कडेला अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून थांबलात, तर मागून येणाऱ्यासाठी ती बिनदिव्याची ट्रॉली तुम्हीच.