ताकाइ, ताकासा आणि हजार वर्षांचा सूर

मराठीत 'उंच'ची 'उंची' आणि 'जाड'ची 'जाडी' करताना प्रत्यय लागला की काम संपतं. जपानीतही विशेषणाचं नाम करायला 'सा' लावायचा, बस्स. ताकाइ म्हणजे उंच, ताकासा म्हणजे उंची. व्याकरणाच्या वहीत हा नियम अर्ध्या ओळीत बसतो. पण टोकियोचा माणूस हे दोन शब्द म्हणतो तेव्हा सुराची जागा बदलते. ताकाइमध्ये आवाज 'का'वर चढतो आणि 'इ'वर उतरतो. ताकासामध्ये तो 'ता'वरच चढलेला असतो आणि लगेच खाली येतो. आकाइ (लाल) पासून झालेल्या आकासाला तर उतारच नाही. पहिलं अक्षर खाली, पुढचं सगळं वरच्या एकाच पातळीवर.

टोकियोच्या बोलीत इ-विशेषणांची, म्हणजे 'इ'ने संपणाऱ्या विशेषणांची, दोन घराणी आहेत. आकाइ, ओमोइ (जड), आमाइ (गोड), तोओइ (दूर) ही सपाट सुराची, म्हणजे 'हेइबान'. ताकाइ, शिरोइ (पांढरा), नागाइ (लांब), सामुइ (थंड) ही उताराची. सपाट घराण्यातलं नामही सपाटच राहतं. उताराच्या घराण्यात मात्र उतार एक अक्षर मागे सरकतो. उत्सुकुशिइ (सुंदर) मध्ये तो 'शि'नंतर येतो, तर उत्सुकुशिसामध्ये 'कु'नंतर. आत्सुसा या एकाच उच्चाराचे दोन शब्द होतात तेही यामुळेच: 'आ'नंतर उतरला तर उकाडा, सपाट गेला तर जाडी. 'आत्सुसा सामुसा मो हिगान मादे', उकाडा काय नि गारठा काय, दिवस-रात्र समान होईपर्यंतच, ही म्हण सपाट आत्सुसाने म्हटली तर ऐकणाऱ्याला जाडी ऐकू येईल.

कुठलं विशेषण कुठल्या घराण्यात जातं, हे अर्थावरून किंवा अक्षरांवरून ओळखता येत नाही. तो वारसा आहे, आणि फार जुना. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास बौद्ध मठांच्या परंपरेत 'रुइजु म्योगिशो' नावाचा चिनी अक्षरांचा कोश तयार झाला. त्यात चिनी अक्षराचा जपानी अर्थ काताकाना लिपीत दिलेला असे, आणि त्यातल्या अनेक शब्दांच्या अक्षरांशेजारी बारीक टिंबं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात टिंब असेल तर सूर खालचा, वरच्या कोपऱ्यात असेल तर वरचा. टिंबांची ही पद्धत चिनी सुरांच्या अभ्यासातून आली. त्या काळची क्योतोची बोली कशी ऐकू येत असेल, याचा माग आज घेता येतो तो मुख्यतः या टिंबांमुळे.

त्या नोंदींत 'आका-' वरच्या सुरात सुरू होतो आणि 'शिरो-' खालच्या. म्हणजे आजची टोकियोची दोन घराणी तेव्हाही वेगळीच होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शिरोच्या घराण्यात 'शिरोकु' या क्रियाविशेषणासारख्या रूपात सूर मधल्या अक्षरावर चढून उतरत असे, आणि 'शिरोकि' या नामापूर्वी येणाऱ्या रूपात तो शेवटच्या अक्षरापर्यंत खालीच राहत असे. पुढे 'कि'मधला 'क' गळला आणि शिरोकिचं शिरोइ झालं. आजच्या टोकियोत शिरोइचा उतार 'रो'नंतर आणि शिरोकुचा 'शि'नंतर येतो. शिकणाऱ्याला विचित्र वाटणारा हा फरक हजार वर्षांपूर्वीही होता, तेव्हाच्या सुरांत.

'सा'चं नाम या 'कु'च्या रूपासोबत चालतं: ताकाकु-ताकासा, शिरोकु-शिरोसा, उत्सुकुशिकु-उत्सुकुशिसा. म्हणून मला वाटतं, ताकासाचा सूर ताकाइवरून काढायला बसूच नये, ताकाकुवरून काढावा.

सूर मागे सरकवणारे प्रत्यय आपल्याकडच्या संस्कृत व्याकरणाला नवे नाहीत. पाणिनीने भाववाचक नामासाठी 'त्व' आणि 'तल्' हे प्रत्यय सांगितले. तल्-मधला ल् उच्चारात येत नाही, पण 'लिति' या सूत्राप्रमाणे त्याच्यामुळे प्रत्ययाच्या आधीचा स्वर उदात्त, म्हणजे वरच्या सुरातला, होतो. 'त्व'च्या बाबतीत उदात्त प्रत्ययावरच पडतो. जपानी भिक्षू सिद्धम् लिपी शिकत आणि काना अक्षरांचा आ-इ-उ-ए-ओ क्रमही आपल्या वर्णमालेवरून आला, पण सुरांच्या टिंबांशी पाणिनीचा संबंध नाही.

गंमत अशी की ज्या क्योतोचे सूर टिपले गेले, त्याच क्योतोत विशेषणांची दोन घराणी पुढे एकात मिसळली. आज तिथे आकाइ आणि शिरोइ सारख्याच सुरात म्हणतात. भेद शिल्लक राहिला तो टोकियोकडे. हे वर्गीकरण शब्दागणिक मांडण्याचं मोठं काम भाषाशास्त्रज्ञ किंदाइची हारुहिको (१९१३-२००४) यांचं. त्यांच्या आधी हात्तोरी शिरो या भाषाशास्त्रज्ञांनी टोकियो आणि क्योतो पद्धतींची सीमा मध्य जपानातल्या इबी नदीवर दाखवली होती.

छापील कोशात सूर आले ते १८९२-९३ साली, कादंबरीकार यामादा बिम्यो यांच्या 'निहोन दाइजिशो'मधून. १९२५ साली रेडिओ सुरू झाला आणि निवेदकांना एक ठरावीक उच्चार हवा झाला. १९४३ साली जपानी नभोवाणीने स्वतःचा सुरांचा कोश काढला, त्याची अलीकडची आवृत्ती २०१६ची.

कोश उघडले की अपवादही भेटतात. ओओकिइ (मोठा) उताराचं, पण ओओकिसा (आकार) सपाट. 'मि' हा दुसरा प्रत्यय तर आपलं वेगळंच काढतो. त्सुयोइ (बलवान) पासून त्सुयोसा (ताकद) केलं तर उतार 'त्सु'नंतर, पण त्सुयोमि (जमेची बाजू) केलं तर शब्द शेवटपर्यंत वरच राहतो आणि उतार कळतो तो पुढे कर्ता दाखवणारा 'गा' लागल्यावर. जगभरच्या स्वयंपाकघरांत पोचलेला उमामि हा शब्दही याच 'मि'चा.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी, पण बहुतेकांचं लक्ष्य जेएलपीटी ही जपानीची पातळी ठरवणारी परीक्षा. १९८४ साली सुरू झालेल्या त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे सूर वर्गात मागे पडतात. २०१२ पासून टोकियो विद्यापीठाचा 'ओजाद' हा ऑनलाइन कोश क्रियापदं-विशेषणांच्या रूपांचे सूर फुकट ऐकवतो, तेव्हा निमित्त उरलेलं नाही. फक्त त्यातलं उत्तर आणि टोकियोतल्या कॉलेजच्या पोराचं बोलणं जुळेलच असं नाही. तरुण पिढी ताकाकुचा उतार 'का'नंतर देऊ लागली आहे, आणि सपाट आत्सुइलाही (जाड) उकाड्याच्या आत्सुइसारखा उतार देते. क्योतोत जे झालं त्याच दिशेने टोकियो निघालं आहे.