पार्श्वभूमी: चुन्याखाली गेलेला शेवटचा न्याय

पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये वेदीकडे जाणाऱ्या कमानीवर ‘डूम’, म्हणजे शेवटच्या न्यायाचे चित्र असे. मांडणी ठरलेली. मधोमध इंद्रधनुष्यावर बसलेला, जखमा दाखवणारा ख्रिस्त. त्याच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरकाचा उघडा जबडा. कबरीतून उठणारे सगळे नागडे. राजा ओळखायचा तो डोक्यावरच्या मुकुटावरून, बिशप त्याच्या टोपीवरून. कॉव्हेंट्रीच्या होली ट्रिनिटी चर्चमधल्या १४३०च्या दशकातल्या चित्रात नरकाच्या बाजूला दारू विकणाऱ्या बायका आहेत, हातात दारूच्या सुरया घेतलेल्या. मापात पाप करणाऱ्यांची काय गत होते, हे बाजारातून थेट चर्चमध्ये आलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नसणार.

निरक्षरांसाठी चित्र हेच पुस्तक, हा युक्तिवाद फार जुना. इ.स. ६००च्या सुमारास एका पोपने मार्सेच्या बिशपला लिहिले होते: चित्रांची पूजा थांबवलीस ते योग्य, पण चित्रे फोडलीस ते चूक. पुढची जवळपास साडेनऊशे वर्षे हाच भेद धरून चित्रे भिंतींवर टिकली.

तो भेद मोडला एका शब्दाने. राजा आठवा हेन्री पोपपासून फुटला होता; त्याच्या १५३८च्या राजाज्ञेत ‘अब्यूज्ड’, म्हणजे गैरवापर झालेल्या, प्रतिमा काढाव्यात असे म्हटले होते. गैरवापर म्हणजे काय? ज्या मूर्तीपुढे यात्रा निघते, नवसाच्या वस्तू वाहिल्या जातात, ती. हा अर्थ सरळ घेतला तर डूमला धक्का लागायचे कारणच नव्हते. त्याच्यासाठी कोणी यात्रेला येत नव्हते. ते बघायचे आणि घाबरायचे चित्र होते. १५४७मध्ये, त्याचा मुलगा, बालराजा सहावा एडवर्ड, याच्या नावाने आज्ञा पुन्हा निघाली आणि खोटे चमत्कार, यात्रा व मूर्तिपूजेची आठवणही भिंतींवर किंवा खिडक्यांच्या काचांवर उरू नये, ही भर पडली. मग गावोगावी तंटे सुरू झाले. या मूर्तीचा गैरवापर झाला की नाही, हे ठरवायचे कोणी? २१ फेब्रुवारी १५४८ रोजी राजाच्या सल्लागार मंडळाने ठरवले की, वाद मिटत नाहीत तेव्हा सरसकट सगळ्याच प्रतिमा काढा. मला हा निर्णय धर्मशास्त्रापेक्षा कारभाराच्या सोयीचा वाटतो. डूम निर्दोष असूनही त्यात सापडले. मधली पाच वर्षे जुना कॅथलिक पंथ परतला, पण १५५९नंतर पुन्हा चुन्याच्या बादल्या निघाल्या.

काम स्वस्त होते. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपेलमधल्या प्रतिमा पुसण्यासाठी गावच्या हिशेबात, १५६३-६४च्या सुमारास, २ शिलिंग खर्ची पडले आहेत. तो हिशेब ठेवणाऱ्याच्या घरी लवकरच जो मुलगा जन्मला, तो पुढे जगप्रसिद्ध नाटककार झाला. पण खरवडून काढण्यापेक्षा चुन्याचा हात मारणे सोपे पडले, आणि त्या थराखाली रंग टिकले. १८०४मध्ये त्याच चॅपेलमधली चित्रे पुन्हा दिसली.

पुढे वाचवणाऱ्यांनीही नुकसान केले. सॉल्झबरीच्या सेंट थॉमस चर्चमधले चित्र १८१९मध्ये उघडे पडले, पुन्हा चुन्याखाली गेले आणि १८८१मध्ये परत बाहेर आले. कॉव्हेंट्रीचे १८३१मध्ये सापडले. त्यावर दिलेले व्हार्निश काळवंडले आणि चित्र दुसऱ्यांदा झाकले गेले. ते स्वच्छ होऊन लोकांना दिसायला २००४ उजाडले. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी रक्षणासाठी मेण चढवले. त्याने ओल आत कोंडली आणि रंग सुटू लागले.

सफोकमधल्या वेनहॅस्टनचे डूम लाकडी फळ्यांवर आहे. १८९२मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या पांढऱ्या फळ्या भंगार म्हणून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुपला आणि सकाळी त्यातून माणसे, सैतान, तराजू दिसू लागले. तळाशी प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात लिहिलेले वचन अजून आहे: प्रत्येकाने वरिष्ठ सत्तेच्या अधीन असावे. आणि मधोमध एक क्रूस व दोन माणसे यांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. तिथे लाकडी मूर्ती ठोकलेल्या होत्या, म्हणून चित्रकाराने मागे रंग दिलाच नव्हता.