डेट्रॉइटचे रणगाडे आणि वालचंदांचा अडवलेला मोटार कारखाना

जून 1940. फ्रान्स कोसळत होता आणि अमेरिकेकडे स्वतःचे मध्यम वजनाचे रणगाडे होते जेमतेम दीड-दोन डझन. संरक्षण उत्पादनाची घडी बसवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विल्यम नुडसेन यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले होते. नुडसेन मूळचे कोपनहेगनचे. फोर्डच्या कारखान्यांत उत्पादनाचे शास्त्र पक्के करून ते पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी फोन लावला तो आपल्या स्पर्धकाला, क्रायस्लरचे अध्यक्ष के. टी. केलर यांना. रणगाडे बनवाल का, एवढेच विचारले. केलर यांनी होकार दिला आणि मग रणगाडा पाहायला कुठे मिळेल, अशी चौकशी केली.

क्रायस्लरमध्ये रणगाडा जवळून पाहिलेला माणूसच नव्हता. इलिनॉयमधल्या रॉक आयलंड शस्त्रागारात लष्कर स्वतःचे रणगाडे हाताने, एकेक करून जुळवत असे. कंपनीचे अभियंते तिथे गेले आणि सुमारे 85 किलो वजनाची नकाशांची भेंडोळी घेऊन डेट्रॉइटला परतले. त्यावरून त्यांनी प्रत्येक भाग आधी लाकडात घडवला आणि भागाला भाग बसतो का ते पाहिले.

लष्करातल्या अनेकांचा कल रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कंपन्यांकडे होता. पंचवीस-तीस टनांचे धूड हाताळायचे तर तेच लोक सरावलेले, हा विचार चुकीचा नव्हता आणि त्या कंपन्यांनाही मोठ्या ऑर्डरी मिळाल्या. पण नुडसेन यांचा हिशेब वेगळा होता. रेल्वे इंजिनाचा कारखाना थोडे नग बनवतो आणि कुशल कारागीर ते कानस चालवून एकमेकांत बसवतात. युद्धाला हजारो नग हवे होते, तेही असे की एकाचा गिअर कानस न चालवता दुसऱ्याला बसावा. ही शिस्त मोटारवाल्यांच्या अंगात मुरलेली होती.

15 ऑगस्ट 1940 रोजी एक हजार एम2ए1 रणगाड्यांचा करार झाला आणि महिना संपायच्या आत तो रणगाडाच बाद ठरला. त्याची तोफ 37 मिलिमीटरची होती. फ्रान्समधल्या लढाईने 75 मिलिमीटरची गरज दाखवून दिली होती. एवढी तोफ पेलणारा फिरता बुरूज तयार नव्हता, म्हणून ती रणगाड्याच्या उजव्या कुशीत बसवली. तोच एम3. उंच, रिव्हेट मारलेला आणि मुख्य तोफ सर्व दिशांना वळवता न येणारा. तो तडजोड होता हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बनवायला लगेच घेता येत होता.

कारखान्यासाठी डेट्रॉइटच्या उत्तरेला वॉरन इथली 113 एकर शेतजमीन घेतली. मालकी सरकारची, चालवणार क्रायस्लर. वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी 1,380 फूट लांब आणि 500 फूट रुंद इमारत आखली. हिवाळा आला तेव्हा इमारत अर्धवट होती, म्हणून एक वाफेचे रेल्वे इंजिन आणून त्याच्या वाफेवर आत ऊब ठेवली आणि यंत्रे बसवणे चालूच राहिले. 24 एप्रिल 1941 रोजी पहिला एम3 लोकांसमोर आला. जुलै 1942 पासून तिथे पुढचा रणगाडा, एम4 म्हणजेच शर्मन, बनू लागला. त्याची 75 मिलिमीटरची तोफ आता फिरत्या बुरुजात होती. त्या डिसेंबरात एका महिन्यात 896 शर्मन बाहेर पडले. युद्ध संपेपर्यंत या एका कारखान्याने 22 हजारांहून अधिक रणगाडे दिले. अमेरिकेच्या एकूण उत्पादनाचा हा जवळपास चौथा हिस्सा.

मोटारींच्या साखळीवर मोटारीऐवजी रणगाडे चढवले, असे या कामाचे वर्णन नेहमी वाचायला मिळते. ते खरे नाही. मोटारीचा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर चिलखत वाकत नाही. जाड पोलादासाठी ओतशाळा नव्या लागल्या, यंत्रे नवी लागली, इमारतही नवी. मोटार उद्योगाकडून आली ती कामाची रीत. अवघड काम सोप्या टप्प्यांत तोडणे, प्रत्येक टप्प्याला जिग (भाग पकडून ठेवणारा साचा) आणि गेज (माप तपासायचे साधन) ठरवणे, शेकडो पुरवठादारांकडून माल वेळेवर आणणे आणि नवख्या माणसाला थोड्या दिवसांत त्या टप्प्यावर उभे करणे.

या उद्योगाची विचार करण्याची पद्धत सगळ्यात स्पष्ट दिसते ती इंजिनात. सुरुवातीच्या रणगाड्यांत विमानाचे, हवेने थंड होणारे, राइट कंपनीच्या आराखड्याचे इंजिन असे. पण विमानांनाच इंजिने पुरेनात. मग प्रत्येक कंपनीने आपल्या घरात होते ते पुढे केले. जनरल मोटर्सने बस-ट्रकची दोन डिझेल इंजिने जोडीने बसवली. फोर्डने विमानासाठी आखलेल्या बारा सिलिंडरच्या इंजिनातले चार सिलिंडर कमी करून व्ही-8 तयार केले आणि अमेरिकी लष्कराला तेच सर्वांत आवडले. क्रायस्लरने तर सहा सिलिंडरची पाच मोटार इंजिने एका गिअरभोवती गोलाकार जोडली: तीस सिलिंडर, एकच दांडा. हे प्रचंड इंजिन मावावे म्हणून रणगाडा 11 इंचांनी लांबवला. कागदावर हे वेडेपण वाटते. पण साचे, यंत्रे, सुटे भाग सगळे आधीच चालू होते, नवे काही उभारायचे नव्हते. दुरुस्तीला ते जिकिरीचे होते आणि अमेरिकी लष्कराने आपल्या आघाडीवर ते नेलेच नाही. एम4ए4 नावाचे हे सुमारे साडेसात हजार रणगाडे मुख्यतः ब्रिटनच्या वाट्याला गेले. वापरात ते अपेक्षेपेक्षा भरवशाचे निघाले.

या पद्धतीची किंमतही होती. हजारो पुरवठादारांची साखळी एकदा धावू लागली की तिला वळवणे फार जड जाते. जर्मन पँथर रणगाड्यापुढे शर्मनची 75 मिलिमीटर तोफ तोकडी पडली, तरी त्याहून जड पर्शिंग रणगाडा युरोपच्या आघाडीवर पोहोचायला 1945 उजाडले. याची सगळी जबाबदारी कारखान्यांवर टाकता येणार नाही, लष्कराचेही आडाखे चुकले. पण संख्येचा आग्रह आणि बदलाची गरज यांत संख्या जिंकत गेली आणि त्याचा भार आत बसलेल्या पोरांनी सोसला, हे लिहायलाच हवे.

याच क्रायस्लरशी मराठी मुलखाचा एक धागा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद त्याच वर्षांत भारतात मोटार कारखाना काढायच्या खटपटीत होते. त्याआधी विश्वेश्वरय्यांनी मुंबई प्रांतात असा कारखाना व्हावा म्हणून योजना आखली होती. वालचंद अमेरिकेला गेले, आधी फोर्डशी आणि मग क्रायस्लरशी बोलले. क्रायस्लर तयार झाली. पण भारतातल्या ब्रिटिश सरकारने हा उद्योग युद्धाला आवश्यक मानला नाही आणि योजना अडली. मोटार कारखाना म्हणजे युद्धसामग्रीचा पाया, हे डेट्रॉइट जगाला दाखवत होते, त्याच काळात दिल्लीने हे उत्तर दिले.

भारतात तेव्हा झाले ते एवढेच: कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) टाटांच्या पोलादाचे चिलखत चढवून चाकांच्या गाड्या बांधल्या गेल्या. त्यांचे नावच ‘टाटानगर’ पडले. रणगाडे मात्र बाहेरून येत राहिले. फेब्रुवारी-मार्च 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या मेक्टिलावर 255व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडने चढाई केली, तेव्हा तिच्यातल्या प्रोबिन्स हॉर्स या रेजिमेंटचे जवान क्रायस्लरच्या त्या पाच-इंजिनी शर्मनमध्ये होते. रॉयल डेक्कन हॉर्स ही दुसरी रेजिमेंटही शर्मन घेऊनच लढली. 1965 च्या युद्धात पंजाबातल्या आसल उत्तरला याच डेक्कन हॉर्सने पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना तोंड दिले तेव्हाही तिच्याकडे शर्मनच होते, तोफ बदललेले.

वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली आणि क्रायस्लरच्या परवान्यावर कुर्ल्याला गाड्यांची जुळणी सुरू झाली 1947 मध्ये. भारतात बनलेला पहिला रणगाडा, ‘विजयंता’, चेन्नईजवळच्या आवडी इथून बाहेर पडला तो 1965 च्या अखेरीस. तो सरकारी कारखान्यात आणि ब्रिटनच्या व्हिकर्सच्या आराखड्यावर बनला होता.