लॉलीपॉपवाल्या काकूंनी पाटी दाखवली की गाडी थांबलीच पाहिजे
(इंग्लंडमधल्या रेडिंग परिसरातल्या आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे शिकायला येणारे बरेचजण पुण्यात, नागपुरात, ठाण्यात वर्षानुवर्षं गाडी चालवून आलेले असतात. क्लच-गिअर त्यांना शिकवावा लागत नाही. शिकवावी लागतात ती इथली काही बंधनं, आणि त्यांतलं एक असं आहे की चांगले मुरलेले ड्रायव्हरही त्यात हमखास चुकतात: शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाची पाटी.

तुम्ही त्यांना पाहिलं असेलच. पायघोळ, लांबून चमकणारा पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात उंच काठी. काठीच्या टोकाला पिवळी गोल पाटी, तिच्यावर ‘स्टॉप’ आणि ‘चिल्ड्रन’ हे शब्द, मध्ये काळा पट्टा. काठी दिसते लॉलीपॉपसारखी, म्हणून इथे सगळे त्यांना ‘लॉलीपॉप लेडी’ किंवा ‘लॉलीपॉप मॅन’ म्हणतात. कागदोपत्री नाव ‘स्कूल क्रॉसिंग पॅट्रोल’. नाव गोड, माणसं बहुतेक वयस्कर आणि हसतमुख, त्यामुळे ही एखादी सेवाभावी आजी असावी आणि थांबणं हा आपला चांगुलपणा, असा नव्या माणसाचा समज होतो. तसं नाही. त्यांना कायद्याने अधिकार दिलेला आहे. शाळेत तुम्ही आरएसपीत (रोड सेफ्टी पेट्रोलमध्ये) असाल तर ती आठवण चांगली आहे, पण ती इथे लावू नका. इथल्या या व्यक्तीची नेमणूक कौन्सिलसारखी (म्हणजे स्थानिक पालिकेसारखी) अधिकृत संस्था करते, आणि तिच्या पाटीकडे दुर्लक्ष करणं हा गुन्हा आहे.

कायदा नेमकं काय सांगतो

या गस्तीसाठीचा पहिला खास कायदा १९५३ चा. आज लागू आहे तो १९८४ चा रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्ट, त्याचं २८ वं कलम. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तिन्ही ठिकाणी तेच चालतं. कलम लहान आहे, आणि त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: मान्यताप्राप्त गणवेशातल्या पॅट्रोलने ठरलेली पाटी दाखवली की येणाऱ्या गाडीने दोन गोष्टी करायच्या. एक, ओलांडण्याच्या जागेच्या अलीकडे थांबायचं, तेही असं की ओलांडणाऱ्याला अडथळा होणार नाही. दोन, पाटी दाखवलेली आहे तोवर गाडी पुन्हा त्या जागेकडे हलवायची नाही.

पहिली गोष्ट बहुतेकांना जमते. घात होतो दुसरीत.

मुलं पलीकडच्या फूटपाथवर पोचली. काकू अजून रस्त्याच्या मधोमध, पाटी तशीच धरलेली. आपल्या बाजूचा रस्ता रिकामा. भारतात घडलेला पाय इथे आपोआप ब्रेकवरून उठतो, कारण आपण आयुष्यभर जागा बघून गाडी काढायला शिकलो. फट दिसली की निघायचं, थांबून राहिलं तर मागचा हॉर्न वाजवणार. पण कायद्याने तुमचं थांबणं मुलांशी बांधलेलं नाही, पाटीशी बांधलेलं आहे. रस्त्यावर एकही मूल दिसत नसलं तरी पाटी दाखवलेली असेल तर तुम्ही थांबलेलेच असायला हवेत. काकू फूटपाथवर परतून पाटी खाली घेईपर्यंत गाडी इंचभरही पुढे सरकवायची नाही. धड्यात आम्ही अशा वेळी हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलला घ्यायला लावतो, ते एवढ्याचसाठी. क्लचवर तोललेली गाडी नकळत पुढे सरकते, आणि समोरच्या पाच वर्षांच्या मुलाला ती अंगावर येतेय असंच वाटतं.

‘मूल नव्हतंच, कुणी मोठा माणूस ओलांडत होता,’ ही सबबही चालत नाही. पूर्वी हा अधिकार शाळेत जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांपुरता होता आणि त्याला सकाळी ८ ते संध्याकाळी साडेपाच अशी वेळेची चौकट होती. २००० च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टने दोन्ही मर्यादा काढल्या. बाबागाडी ढकलणारी आई असो की काठी टेकत चाललेले आजोबा, पाटी कुणासाठीही दाखवली तरी थांबायचं.

सायकलवाल्यांनाही हे लागू आहे. कलमात गाडी ‘चालवणारा किंवा ढकलणारा’ अशी शब्दयोजना आहे. ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांनी कडेकडेने सटकायची सवय सोडावी.

काठीची भाषा

हायवे कोडमध्ये (इथल्या वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तिकेत) या काठीच्या चार अवस्थांची चित्रं आहेत. थिअरीचा अभ्यास करताना बरेचजण ते पान भरभर उलटतात. पॅट्रोल फूटपाथवर नुसती उभी आहे, म्हणजे अजून कुणाला नेण्याची तयारी नाही. काठी आडवी धरली, तर ती मुलांना मागे रोखून धरण्यासाठी. हा इशारा मुलांना आहे, पण तुम्ही तेव्हाच वेग कमी करायला लागा, कारण पुढची पायरी ठरलेली आहे. मग त्या मुलांना नेण्याच्या तयारीत येतात आणि पाटी दिसू लागते, तेव्हा थांबायच्या तयारीत राहायचं. शेवटी त्या रस्त्यात उतरतात, काठी उभी, हात पसरलेला. आता दोन्ही दिशांच्या सगळ्या गाड्या थांबल्या पाहिजेत.

आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की दुसऱ्या अवस्थेतच आरशात बघून ब्रेकवर हलका पाय ठेवा. हायवे कोडच्या हिशेबाने ३० मैल वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबायला २३ मीटर लागतात, त्यातले ९ मीटर तर तुमचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच जातात. २० मैलांना हेच अंतर १२ मीटर. मैलांची सवय नसेल तर ३० मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर आणि २० मैल म्हणजे ३२. हे आकडे कोरड्या रस्त्याचे. नोव्हेंबरातल्या सकाळी रस्त्यावर ओली पानं पडलेली असताना यावर विसंबू नका.

शाळेच्या अलीकडे रस्त्याकडेच्या इशाऱ्याच्या पाटीखाली पिवळे दिवे आळीपाळीने लुकलुकताना दिसले, तर पुढे मुलं रस्ता ओलांडत असण्याची शक्यता आहे. तो भाग संपेपर्यंत अगदी हळू.

आणखी दोन सवयी. थांबलेल्या गाडीतून हॉर्न वाजवणं इथे नियमाविरुद्ध आहे, दुसऱ्या वाहनापासून धोका असेल तेवढाच अपवाद. तेव्हा मागच्याला घाई असली तरी त्याची घाई पुढे पोचवू नका. आणि मुलांना हात करून ‘या, या’ म्हणून बोलावू नका. तुम्ही थांबलात, पण समोरून येणारा थांबलाय का हे त्या मुलाला कळत नाही. बोलावणं हे काकूंचं काम आहे.

दंड, पॉइंट आणि भारतीय लायसन्स

पाटी न जुमानल्यास कोर्ट १,००० पौंडांपर्यंत दंड करू शकतं आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट पडतात. नोंदीचा कोड टीएस६०, आणि ही नोंद गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षं लायसन्सवर राहते. गाडीचा विमा काढताना कंपनी विचारते तेव्हा ती सांगावी लागते, आणि प्रीमियम त्यावर ठरतो. अनेकांना दंडापेक्षा हेच महाग पडतं. पाटी ओलांडून जाताना कुणाला इजा झाली तर प्रकरण या कलमापुरतं राहत नाही, निष्काळजी किंवा धोकादायक ड्रायव्हिंगचे गंभीर आरोप येतात.

नुकतीच टेस्ट पास झालेल्यांनी विशेष जपावं. पास झाल्यापासून पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सपासून सगळं नव्याने करावं लागतं. भारतात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी इथल्या हिशेबात तुम्ही नवेच.

‘माझं तर भारतीय लायसन्स आहे, पॉइंट लावणार कशावर?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. इथे राहायला आल्यापासून १२ महिने तुम्ही भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकता. त्या काळात गुन्हा झाला तर डीव्हीएलए (लायसन्स देणारी इथली सरकारी संस्था) तुमच्या नावाने नोंद उघडते आणि पॉइंट तिथे जमा होतात. पुढे इथलं लायसन्स काढलंत की ते तुमच्या मागे येतात.

पॅट्रोलला गाडीचा नंबर टिपून तक्रार करता येते, आणि काही ठिकाणी काठीतच कॅमेरा बसवलेला असतो. ‘गाडी कोण चालवत होतं’ असं विचारणारं पोलिसांचं पत्र गाडीच्या नोंदणीकृत मालकाला आलं तर २८ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते टाळल्यास मूळ गुन्ह्याच्या दुप्पट, म्हणजे ६ पॉइंट. नवऱ्याच्या चुकीला बायकोचं नाव किंवा उलट, असं ‘ॲडजस्ट’ करण्याचा विचारही करू नका. ते खोटं सिद्ध झालं तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

टेस्टमध्ये काय होतं

प्रॅक्टिकल टेस्टमध्ये १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, पण गंभीर चूक एकही चालत नाही. पाटी दाखवलेली असताना गाडी पुढे नेणं ही गंभीर चूक आहे. परीक्षक त्या क्षणी काही बोलतीलच असं नाही, टेस्ट पुढे चालू राहू शकते, पण निकाल नापासच.

काही शंका

काकू नाहीत, पण एक पालक हात दाखवून गाड्या थांबवतोय. त्याला या कलमाचा अधिकार नाही. तरी थांबा, मुलं रस्त्यात आहेत.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाने सांगितलं की स्कूलबस थांबली की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात. त्याचं बरोबर आहे, तिथला कायदा तसा आहे. ब्रिटनमध्ये थांबलेल्या स्कूलबससाठी असं सरसकट बंधन नाही. हळू आणि जपून पुढे जायचं, कारण बसच्या पुढून मूल धावत येऊ शकतं.

पाटी पाहून पुढची गाडी थांबलीय, बाजूने जागा आहे. वळसा घालून जायचं नाही. ओलांडणारं मूल त्याच गाडीच्या आडून बाहेर येतं.

स्वतःच्या मुलाला सोडायला जाता तेव्हा शाळेच्या दारासमोरच्या पिवळ्या नागमोडी रेषांवर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावू नका. थांबायला मनाई असल्याची पाटी तिथे असेल तर मुलाला उतरवण्यापुरतंही थांबता येत नाही. शिवाय त्या गाडीमुळे लॉलीपॉपवाल्या काकूंना येणारा रस्ता दिसत नाही आणि गाड्यांना त्या दिसत नाहीत. दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावून चालत या.

ज्यांची टेस्ट जवळ आलीय त्यांनी किमान एक धडा सकाळच्या शाळेच्या वेळेचा मागून घ्यावा. दुपारी अकराच्या रिकाम्या रस्त्यावर हा सराव होत नाही. शाळांच्या सुट्ट्यांच्या आठवड्यांत या वेळेचे धडे आम्ही ठेवत नाही, त्यामुळे बुकिंग करताना तेवढं कॅलेंडर बघून घ्या, आणि येताना प्रोव्हिजनल लायसन्स व चष्मा विसरू नका.